कोरस पुढं गेला

गाण्यात ती जागा आली की सर हमखास खोकायचे. खोकला झालेला नसायचा. कधी खोकण्याऐवजी खुर्ची सरकवायचे, कधी आत बघून "अगं, चहाचं काय झालं?" असं मोठ्यानं विचारायचे, आणि एकदा तर हातातली स्टीलची बशी त्यांनी चक्क फरशीवर सोडून दिली. बशी गरगर फिरत राहिली तोवर ती जागा निघून गेली. मग सर समाधानानं मागे टेकले आणि म्हणाले, "हं, आता ऐका." दिवसभर शाळेत पोरांचा गलका ऐकून मी दमून आलेली असायचे. मला बशीचा आवाज नको होता आणि गाणंही नको होतं. पण सरांच्या घरी चहा चांगला मिळायचा, आणि भाड्याच्या खोलीत भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

सर म्हणजे आमच्या म्हसळ्याच्या शाळेतले गणिताचे शिक्षक. मी विज्ञान शिकवायचे. संस्थेनं मला अलिबागच्या शाखेतून उचलून म्हसळ्याला टाकलं, तेव्हा नवरा, मुलगा, सासूबाई सगळं अलिबागला राहिलं. आठवडाभर मी इकडे आणि शनिवारी एसटीनं तिकडे. तिकडे गेलं की सासूबाईंचं औषधपाणी, मुलाचा अभ्यास आणि आठवड्याचे कपडे माझी वाट बघत असायचे. मला त्या दिवसांत सगळ्याचाच कंटाळा आलेला होता आणि तो चेहऱ्यावर दिसत असणार, कारण स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी कुणी फारसं बसत नसे. सर बसायचे. ते बोलायचे नाहीत, हा त्यांचा मोठा गुण होता.

सरांकडे कॅसेटी पुष्कळ होत्या, पण वाजायची एकच. कुठल्याशा परदेशी रॉक बँडचा लोकांसमोर झालेला कार्यक्रम त्यात होता. मधून मधून टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी ओरडतोय, असं सगळं. बँडचं नाव मी सांगत नाही. मला ते नीट उच्चारता येत नाही हे एक, आणि सरांनाही त्याची कधी गरज वाटली नाही हे दुसरं. त्यांना त्या अख्ख्या बँडमधल्या एकाच माणसाशी कर्तव्य होतं. तो बेस गिटार वाजवायचा. सर त्याला 'खालचा' म्हणायचे.

"मॅडम, वरचं ऐकू नका. वरचं सगळेच ऐकतात. खालचं ऐका."

मला पहिले काही दिवस खालचं-वरचं काहीच कळेना. एक माणूस इंग्रजीत थोडंसं गायचा, मग थांबायचा, आणि मग कितीतरी वेळ नुसते ड्रम आणि त्याच्याखाली एक जाड, गोल आवाज चाललेला. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं ते त्यातल्या रिकाम्या जागांमुळे. डोकं भणभणलेलं असताना ज्यात फार काही घडत नाही असं संगीत बरं वाटतं. सर मात्र त्या गोल आवाजाच्या मागे मागे जायचे. "बघा, आता हा सरळ जाईल असं वाटतंय ना? नाही जाणार. बघा, खाली उतरला. आता दम खातोय. ड्रमवाल्याला वाटतंय आपणच ओढतोय. वाटू दे त्याला." आणि एकदा म्हणाले, "खाचराच्या बांधावरून भारा घेऊन जाणारी बाई बघितली आहे तुम्ही? लोक भारा बघतात. पाय बघायचे असतात."

या 'खालचं'च्या पायी माणूस कुठवर जाईल याला सुमार नव्हता. शाळेच्या प्रार्थनेत सर पोरांच्या सुराच्या खूप खाली, जवळजवळ गुरगुरत गायचे आणि पुढच्या रांगेतली मुलं खांदे हलवून हसायची. लग्नाला गेले की नवरानवरी बाजूला, हे बँडच्या मोठ्या ढोलापाशी जाऊन उभे. एसटीत खिडकी सोडून इंजिनाशेजारची सीट पकडायचे. श्रीवर्धनच्या फेरीला एकदा नवीन गाडी लावली तेव्हा सगळा गाव खूष, सर एकटेच नाराज. "या गाडीला सगळं वरचंच आहे," म्हणाले. ग्रुप फोटोत ते नेहमी मागच्या रांगेत कडेला, अर्धे चौकटीबाहेर.

वहिनी, म्हणजे सरांची बायको, अंगणवाडीत होत्या आणि तोंडानं फटकळ. "मला बघायला आले तेव्हा वाटलं, माणूस दमदार आहे, शब्द तोलूनमापून टाकतो," त्या म्हणायच्या. "लग्नानंतर कळलं, तोलत-बिलत काही नाही, पंख्याचा आवाज ऐकत होते."

'खालचा' या शब्दावरून स्टाफरूममध्ये एकदा जरा अवघडलं होतं. सर बौद्ध. मराठीच्या नव्या बाईंना वाटलं, आपण जरा सावरून घ्यावं. त्या म्हणाल्या, "सर, दुसरा एखादा शब्द वापरा ना. खालचा म्हणजे ऐकायला कसंतरीच वाटतं." सरांनी वहीतून डोकं वर काढलं. "कसंतरी काय त्यात? आम्हाला तो पाठ आहे," म्हणाले, आणि पुन्हा वह्या तपासायला लागले.

त्यांचा टेपरेकॉर्डरही त्यांच्यासारखाच. दोन बाजूंना दोन स्पीकर, मोठा, अवजड. गावातला त्यांचा एक मुसलमान मित्र जहाजावर होता, त्यानं तो परदेशातून आणला होता. उंदरानं आतलं काहीतरी कुरतडलं आणि उजवा स्पीकर कायमचा मुका झाला. मित्र म्हणाला, "अर्धाच बोलतो हा. तुला चालेल तर घेऊन जा, सोबत ही कॅसेट पण ने, माझ्या काही पल्ले पडत नाही." सर म्हणाले, मला अर्धाच पुरे. दुरुस्तीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "माणसाला दोन्हीकडून ऐकून करायचंय काय?"

त्या खोकण्याचं कारण मात्र त्यांनी मला आपणहून सांगितलं. बशी सोडली त्या दिवशीच. तेवढ्या एका जागी खालचा चुकतो, म्हणाले. सगळं नीट चाललेलं असताना तो एकदम वेळेआधी वळतो, पुढं निघून जातो. ड्रमवाला मागे राहतो, मग धावत येऊन गाठतो. "एवढा चांगला वाजवणारा माणूस. त्याची एकुलती एक चूक पाहुण्यांनी कशाला बघावी?" सर म्हणाले. मला हसू आलं. दूर परदेशातल्या, कदाचित मरून गेलेल्या कुणा वादकाची अब्रू म्हसळ्यात एक गणिताचा शिक्षक बशा टाकून राखतोय, हे घरी जाऊन नवऱ्याला सांगण्यासारखं होतं. मी सांगितलंही. आम्ही खूप हसलो.

मग एक दिवस वहिनींकडून दुसरी गोष्ट कळली आणि माझं हसू गेलं.

म्हसळ्याच्या बाजूला एक म्हण आहे. इतरत्र ती मी कुठे ऐकली नाही. कुणी आगाऊपणा केला, मोठ्याच्या आधी धाकटा बोलला, शिपायानं वेळेआधी घंटा दिली, की लोक म्हणतात, "कोरस पुढं गेला." आमचे हेडसर दिवसातून एकदा तरी म्हणायचे. तहसील कचेरीत म्हणायचे, मासळीबाजारात म्हणायचे. कुठून आली ते कुणालाच ठाऊक नाही. मीही महिनाभरात उचलली. एके संध्याकाळी सरांच्या ओटीवर वहिनींबरोबर वाल सोलत बसले होते. वहिनींनी सांगायच्या आधीच त्यांची धाकटी जाऊ काहीतरी बोलून गेली आणि मी हसून म्हटलं, "कोरस पुढं गेला." सर आत होते. त्यांनी टेप लावला, आवाज वाढवला. वहिनींच्या हातातला वाल तसाच राहिला.

"बाई, हे आमच्या घरात नका म्हणू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तो कोरस म्हणजे आमचे सासरे."

सासरे रस्त्याच्या कामावर मजूर होते आणि गायन पार्टीत कोरसला बसायचे. जयंतीच्या दिवसांत या पार्ट्या गावोगाव जातात. पुढे मुख्य गायक, बाजूला पेटी, ढोलकी, आणि मागे टाळ्या वाजवत ओळ झेलणारे दोघं-तिघं, ते कोरस. जाहिरातीच्या कागदावर गायकाचं नाव मोठं, पेटीवाल्याचं लहान, कोरसचं नसतंच. त्यांची पार्टी त्या काळी गाजलेली. एका जयंतीला म्हसळ्यात दोन पार्ट्यांचा सामना लागला. सगळा तालुका लोटलेला. ऐन रंगात गायक दुसरं कडवं संपवून थांबला, आणि तिसरं सुरू व्हायच्या आत मागून सासऱ्यांनी चौथं उचललं. गायकाच्या आधी. मांडवात हशा पिकला. गायकानं कसंबसं सावरून घेतलं आणि त्या सावरण्यालाच लोकांनी टाळ्या दिल्या. दुसऱ्या दिवसापासून म्हण सुरू झाली. सासरे पुन्हा कधी मंचावर बसले नाहीत. जयंतीला ते सतरंज्या घालायचे आणि कार्यक्रम सुरू झाला की घरी यायचे. घरातसुद्धा गुणगुणले नाहीत.

"यांना शाळेत पोरं कोरस म्हणूनच हाक मारायची," वहिनी म्हणाल्या. "बापाचा राग होता यांना. शेवटपर्यंत नीट बोलले नाहीत त्यांच्याशी. आता बोलावंसं वाटतं, तर कुणाशी बोलणार?"

आत ती जागा आली होती. सर खोकले.

पुढे फेब्रुवारी महिन्यात त्यांची मुलगी आली. ती पनवेलला नोकरीला. तिनं बापासाठी नवा मोबाइल आणला, कानात घालायचे इअरफोन आणले. मी तिथेच होते. "पप्पा, तुमचं ते गाणं भेटलं मला नेटवर. सेम तेच. एकदम क्लिअर आहे, ऐका तर," असं म्हणून तिनं ते त्यांच्या दोन्ही कानांत घातले. सर हसत होते. मग हसायचे थांबले. त्यांनी उजव्या कानातलं काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? गिटार आहे ना पप्पा. तोच तर फेमस आहे. सगळ्या कमेंट्स त्याच्याच आहेत."

झालं होतं ते असं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यांची वाटणी करायची पद्धत होती, एक डाव्या बाजूला, दुसरं उजव्या बाजूला. खालचा डावीकडे होता. गिटारवाला उजवीकडे, म्हणजे सरांच्या मुक्या स्पीकरमध्ये. आयुष्यभर सरांना त्याचा आवाज आला तो लांबून डास गुणगुणावा तेवढाच, आणि ते समजत होते की लोकांतलं कुणीतरी काहीतरी करतंय. ज्या रिकाम्या जागांवर मी जीव टाकला होता त्या रिकाम्या नव्हत्याच. तिथे एक माणूस जीव तोडून वाजवत होता, आणि सगळं जग त्यालाच ऐकत होतं.

सर त्यानंतर कितीतरी दिवस गप्प. एरवीही ते गप्पच असत, पण हे गप्प बसणं वेगळं होतं. टेप लागेना. शाळेत फळ्यावर सूत्र अर्धवट लिहून उभे राहायचे. वहिनी म्हणाल्या, "घरातलं माणूस गेल्यासारखं करतायत." मला वाईट वाटत होतं आणि थोडा रागही येत होता. मला माझे व्याप कमी होते का, की मी कुणाच्या गिटारीचं सुतक पाळू?

एका रविवारी सकाळी दार वाजलं. परीक्षेचे पेपर तपासायचे म्हणून त्या आठवड्यात मी अलिबागला गेले नव्हते. सर दारात, इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल.

"मॅडम, आगरदांड्याला येता का? सोबत पाहिजे. हिला नेलं तर ही रडेल. तुम्ही रडणाऱ्यातल्या नाही."

ही स्तुती होती की काय, मला कळलं नाही. पण त्यांचा चेहरा बघून चप्पल घातली. दिघीपर्यंत एसटीत ते इंजिनापाशीही बसले नाहीत. दिघीच्या जेटीवर फेरीबोट पलीकडे गेलेली होती. वाट बघत आम्ही कठड्याच्या सावलीला बसलो, तेव्हा त्यांनी मोबाइल काढला. आधी डावा इअरफोन माझ्या कानात दिला आणि ती जागा लावली. आयुष्यात पहिल्यांदा ती जागा मी सरांच्या खोकल्याशिवाय ऐकली. खरंच, खालचा वेळेआधी वळत होता. मलासुद्धा कळलं.

"चुकला ना?"

"चुकला."

"आता दोन्ही घाला."

मी दोन्ही घातले. उजवीकडे गिटारवाला बेभान सुटला होता. आणि त्या जागी, मला सूर-ताल काही कळत नसून कळलं, तो गिटारवालाच हरवला. वेळेआधी वळला. आणि त्याच क्षणी खालचाही त्याच्याबरोबर वळला, इतक्या लगेच की गाणं मुळातच तसं आहे असं वाटावं. मागून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"तो चुकला नाही हो," सर म्हणाले. "तो सोबत गेला. इतकी वर्षं मी त्याची चूक झाकत होतो. ती त्याची नव्हतीच." ते पाण्याकडे बघत होते. "आणि मग मला बाबा आठवले. तिसऱ्याचं चौथं केलं त्यांनी. पाठांतर असं होतं त्यांचं, की झोपेतून उठवलं तरी कडवी ओळीनं म्हणतील. ते कसे चुकतील? हा प्रश्न मला आजवर पडला नाही, बघा. मी नुसता रागावलो."

मी विज्ञान शिकवणारी बाई. म्हटलं, "सर, हा पुरावा नाही. कुठला बँड आणि कुठली गायन पार्टी."

"म्हणून तर चाललोय. त्यांचे ढोलकीवाले अजून आहेत, लेकीकडे, आगरदांड्याला. ते म्हणाले की बाबाच चुकले, तर मी घरी जाऊन तो टेप भंगारात देईन. पुन्हा काही ऐकणार नाही." ते हे शांतपणे म्हणाले आणि मला त्यांची भीती वाटली. मला त्यात पडायचं काही कारण नव्हतं, पण मी मनातल्या मनात म्हणाले, म्हाताऱ्या, काय वाटेल ते कर, पण याला नाही म्हणू नकोस.

म्हातारा अंगणात खाटेवर बसला होता. पुढ्यात सुपात सुकट होती आणि तो तिच्यातला कचरा वेचत होता. नजर अधू झालेली, पण बोटं चलाख.

"कोन?" त्यानं विचारलं.

सरांनी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हाताऱ्याला लागेना. मग सर म्हणाले, "तुमच्या पार्टीतल्या कोरसवाल्याचा मुलगा."

"आरं!" म्हाताऱ्यानं सूप बाजूला केलं. "मंग तसं सांग ना. बस, बस. पोरी, चहा टाक गो, आपल्या कोरसचा पोरगा आलाय."

त्याच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा नव्हता. इतका आदरानं उच्चारलेला मी तो तोवर ऐकला नव्हता. सरांनी चहाची वाट बघितली नाही.

"काका, त्या सामन्यात बाबा चुकले होते?"

"चुकला? तो?" म्हातारा बोळक्या तोंडानं हसला. "शाहिराचं बोलनं बंद झालं व्हतं, पोरा. दुसरं कडवं झालं न् तिसरं न्हाय आठवं. नुसता उभा, त्वांड उघडं. मी ढोलकी फिरवतोय, फिरवतोय. एक फेरा गेला, दुसरा गेला. पेटीवाला माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. आता लोकांच्या ध्यानात येनार. तेवढ्यात तुझ्या बापसानं चौथं उचाललं. उचाललं कसं, जसं काय त्याचीच जीभ घसारली. लोक हसलं त्याला. हसू दे. तेवढ्यात शाहिराला वाट घावली."

मीच विचारलं, "मग तुम्ही कुणी सांगितलं का नाही? इतकी वर्षं?"

"त्यानंच शपथ घातली. आम्ही सांगत व्हतो. तो बोलला, शाहिराचं नाव गेलं तं पार्टी बसंल, धा घरांची जयंतीची कमाई बुडंल. कोरसला नाव हाय कुठं जायला?" म्हाताऱ्यानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "शाहीर रडला व्हता त्या रातीला. तुला म्हाईत न्हवतं? मला वाटलं, घरात तरी सांगितलं आसंल."

घरात सांगितलं नव्हतं.

फेरीबोटीवर परत येताना सर कठड्याला धरून उभे होते. मध्येच म्हणाले, "बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला शाहीर आले होते. एवढं मोठं नाव. सगळे म्हणाले, पुढे बसा, गाणं म्हणा. ते मागे बसले, कोरसमध्ये, आणि टाळ्या वाजवत राहिले. मी तेव्हा म्हटलं, काय माज आहे. आमच्याकडे गायलासुद्धा तयार नाही." मग ते रडले. लपवलं नाही, पाठ फिरवली नाही. आजूबाजूला मोटरसायकली होत्या, माणसं होती. मी रडणाऱ्यातली नाही म्हणून मला आणलं होतं, तर मीही रडले. एका आयुष्याला दोन बाजू असतात आणि मुलाला एकच स्पीकर मिळतो, हे मला तेव्हा इतकं लागलं, की त्या रविवारी अलिबागला मुलाला मुद्दाम फोन केला आणि काय बोलावं ते न सुचून जेवलास का, एवढंच विचारलं.

मी म्हटलं, आता येत्या जयंतीला माइकवर सांगून टाका. सगळ्या तालुक्याला कळू दे. सर नाही म्हणाले. वहिनी भांडल्या, मुलगी फोनवरून भांडली. सर म्हणाले, "बाबांची शपथ मी मोडायची?" शपथ त्यांच्यावर होती, माझ्यावर नाही. म्हणून मी हे लिहिते आहे, आणि तरी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, हे माझ्याही आत्ताच लक्षात आलं.

त्यानंतर एकदा शिपायानं वेळेआधी घंटा दिली. हेडसर नेहमीप्रमाणे म्हणाले, "कोरस पुढं गेला." सर खडू झटकत वर्गातून येत होते. ते हसले आणि म्हणाले, "पुढचा अडला असेल सर, म्हणून गेला." कुणाला काही कळलं नाही. हेडसरांना वाटलं गणितातलं काहीतरी असेल.

आता आम्ही दोघंही निवृत्त. सासूबाई गेल्या, मुलगा पुण्याला गेला, आणि अलिबागच्या घरात मला हवी होती तेवढी शांतता आहे, नको तेवढी. गेल्या वर्षी म्हसळ्याला गेले होते. सर वाळले आहेत. त्यांना खरा खोकला जडला आहे. धड वाक्य पुरं होत नाही. वहिनी म्हणाल्या, गोळ्या झाल्या, काढे झाले, दोन मिनिटं उसंत मिळत नाही. टेपरेकॉर्डर तोच, पण उजवा स्पीकर आता बोलतो. म्हसळ्यातल्याच एका मेकॅनिककडून सरांनी तो दुरुस्त करून घेतला.

"ऐकणार?" सरांनी विचारलं. मी दमलेली होते, पण हो म्हटलं.

टेप लागला. सर खोकत होते, मध्ये मध्ये हातानं खूण करत होते, हा बघा, खाली उतरला, आता दम खातोय. वहिनी चहा ठेवून माझ्या शेजारी बसल्या. मग गिटारवाला सुटला आणि ती जागा जवळ आली, आणि मी पाहिलं की सरांना खोकल्याची मोठी उबळ येते आहे. त्यांनी नॅपकिन तोंडावर दाबला. मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खांदे हलायला लागले. वहिनी उठायला लागल्या, त्यांना त्यांनी हातानं बसवलं. त्या घरात ती जागा मी पहिल्यांदाच पुरी ऐकली. खालचा वळला, पुढं गेला, गिटारवाल्याला वाट सापडली, टाळ्या पडल्या. टाळ्या विरेपर्यंत सर तसेच बसून राहिले. मग त्यांनी नॅपकिन खाली घेतला आणि पोटभर खोकले.